चौफेर वाचावे, आपल्या तालुक्यापासून

दिवाळीच्या मागेपुढे नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक वाढू लागते आणि शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते. भाव काय निघाला, आभाळ भरून आले तर माल भिजेल का, देठ खुडायला बाया मिळतील का, अशी बोलणी सुरू होतात. ती व्हायलाच हवीत, पोट त्यावर आहे. पण हीच मिरची हातात घेऊन कोणी पुस्तकांच्या कपाटापुढे उभा राहिला, तर त्याला वनस्पतिशास्त्राचा खण उघडावा लागेल, पोर्तुगीजांच्या इतिहासाचा उघडावा लागेल, मज्जासंस्थेचा, गुजराती कथेचा, हिंदी सिनेमाचा आणि शेवटी मजुरीच्या हिशेबाचाही. चौफेर वाचन म्हणजे काय, हे सांगायला मला याहून जवळचे उदाहरण सुचत नाही.

हा लेख नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, अक्कलकुवा, धडगाव या भागात राहून वाचू पाहणाऱ्यांसाठी आहे. स्पर्धा परीक्षेच्या मार्गदर्शकांनी थकलेली मुले त्यात आली, शिक्षक आले, शेतातून येऊन रात्री तासभर काढणारे वाचकही आले. ‘सगळे थोडे थोडे वाचत जा’ हा सल्ला त्यांना पुष्कळदा मिळतो आणि वाया जातो, कारण सुरुवात कुठून करायची ते कोणी सांगत नाही. माझे सांगणे असे की विषय निवडू नका, आपल्या परिसरातली एखादी वस्तू, जागा किंवा प्रथा निवडा आणि तिच्याबद्दलचा प्रश्न जिथे नेईल तिथे जा. ‘विज्ञान वाचायचे आहे’ असे ठरवून बसलेला माणूस दहाव्या पानावर पेंगतो. ‘मिरची तिखट का लागते’ हे शोधायला बसलेला माणूस जागा राहतो.

मिरचीचाच माग काढून पाहू. ती मूळची अमेरिका खंडातली. मेक्सिकोच्या बाजूला ती हजारो वर्षांपूर्वी लागवडीत आली. कोलंबस १४९२मध्ये तिकडे पोचला आणि पुढच्या काळात पोर्तुगीज व्यापाराबरोबर मिरची आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. म्हणजे ज्ञानेश्वरांच्या काळी महाराष्ट्रातल्या एकाही चुलीवर मिरची नव्हती. तिखटाचे काम मिरी, पिंपळी आणि सुंठ करत. एवढे कळल्यावर आपोआप पुढचा प्रश्न येतो की बटाटा, टोमॅटो, मका, भुईमूग यांचे काय? ही सगळीसुद्धा तिकडचीच. इतिहासाच्या पुस्तकातला ‘सागरी मार्गांचा शोध’ हा कंटाळवाणा धडा मग आपल्या ताटात येऊन बसतो.

तिखटपणाकडे वळलो की रसायनशास्त्र आणि शरीरशास्त्र सुरू होते. मिरचीतल्या कॅप्सेसिन या द्रव्याने ती तिखट लागते. ते बियांत तयार होत नाही. बिया ज्या पांढुरक्या गराला चिकटलेल्या असतात त्यात तयार होते. पाण्यात ते विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून तोंड भाजले तर पाण्यापेक्षा दूध-दही कामी येते. मिरचीचा तिखटपणा मोजायची पद्धत विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२मध्ये काढली. मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात किती पातळ केला म्हणजे चाखणाऱ्याला तिखट लागेनासे होते, यावर ती उभी होती. आणि तोंडाची ‘आग’ होते म्हणजे काय होते, याचे उत्तर डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७मध्ये दिले. चटका देणारी उष्णता ज्या ग्राहकामुळे आपल्या मज्जातंतूंना कळते, त्यालाच कॅप्सेसिनही चेतवते. मेंदूला खरोखरच भाजल्याचा निरोप जातो. या कामासाठी ज्युलियस यांना २०२१चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत मिळाले. पक्ष्यांना मात्र मिरची तिखट लागत नाही. ते फळ खातात आणि बिया दूरवर टाकतात. झाडाने तिखटपणा का कमावला, याचा एक धागा इथे सापडतो आणि उत्क्रांतीच्या पुस्तकापर्यंत पोचवतो.

आता कला. केतन मेहता यांचा ‘मिर्च मसाला’ हा चित्रपट १९८७चा. मिरची कांडणाऱ्या कारखान्यात आसरा घेतलेली सोनबाई, तिच्यामागे लागलेला सुभेदार, दारावरचा म्हातारा पहारेकरी आणि कारखान्यातल्या बाया अशी त्याची मांडणी आहे. सोनबाई झालेल्या स्मिता पाटील यांचे घराणे आपल्या शेजारच्या शिरपूरचे. चित्रपट प्रदर्शित होण्याआधीच, डिसेंबर १९८६मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. चित्रपट पाहताना लाल रंगाकडे लक्ष ठेवा. मिरचीच्या राशी आधी नुसत्या मागे दिसतात आणि शेवटी हत्यार होतात. दिग्दर्शक रंगाकडून काम कसे करून घेतो, हे समजायला यापेक्षा चांगला पाठ आपल्या भागातल्या माणसाला मिळणार नाही, कारण असा लाल रंग आपण रोज पाहतो. मूळ कथा गुजराती लेखक चुनीलाल मडिया यांची. चित्रपट पाहून मग कथा मिळवून वाचली, तर शब्दातून चित्र होताना काय बदलते तेही कळते.

आणि पथारीवर देठ खुडणाऱ्या बाईला दिवसाचे किती मिळतात, धुळीने तिचे डोळे आणि हात कसे होतात? हे कुठल्याही ग्रंथात शोधू नका, पथारीवर जाऊन तिलाच विचारा. माझ्या मते हा वाचनाचाच भाग आहे आणि तो वगळला तर बाकीचे सगळे अर्धे राहते.

म्हणून एक साधा नियम ठेवा. घेतलेल्या वस्तूसाठी निदान तीन कपाटे उघडायची: एक विज्ञानाचे, एक इतिहासाचे किंवा समाजाचे, एक कलेचे किंवा साहित्याचे. आणि त्या वस्तूशी ज्याचा रोजचा हात लागतो अशा एका माणसाशी बोलायचे.

पुस्तके आणायची कुठून, हा खरा अडचणीचा प्रश्न. सातपुड्यातल्या गावांसाठी तर फारच. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७चा आहे आणि त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांची अनुदानित ग्रंथालये चालतात. आपल्या जवळचे ग्रंथालय शोधा, सभासद व्हा आणि हवे असलेले पुस्तक नसेल तर लेखी मागणी नोंदवा. मागणीच नसेल तर ग्रंथपाल दरवर्षी त्याच चार प्रकारच्या कादंबऱ्या घेणार, त्यात त्यांचा दोष नाही. मोठ्या ग्रंथालयात पुस्तके दशांश पद्धतीने लावलेली असतात: ५००पासून विज्ञान, ७००पासून कला, ८००पासून साहित्य, ९००पासून इतिहास-भूगोल. आपण नेहमी कोणत्या आकड्यापाशी थांबतो ते पाहा आणि पुढच्या खेपेला मुद्दाम दुसऱ्या आकड्याकडे जा.

जिथे ग्रंथालय नाही पण फोनला रेंज येते, तिथेही पुष्कळ काही फुकट मिळते. मराठी विश्वकोशाचे २० खंड संकेतस्थळावर खुले आहेत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईत सुरू झालेले हे काम मराठी वाचकाचे सर्वांत मोठे धन आहे आणि आपण ते पुरेसे वापरत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. एखादी नोंद वाचताना तिच्यात आलेली दुसरी नोंद उघडायची, तिच्यातून तिसरी. अर्ध्या तासात कुठून कुठे पोचाल ते पाहा. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१पासूनचे, तेही खुले आहे आणि मोठ्यांनी वाचायलाही उत्तम. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची, शिक्षणाची मराठी पुस्तके मोफत आहेत. शहरात गेलात की उतरवून ठेवा, पाड्यावर परतल्यावर रेंज नसली तरी वाचता येतात. छापील हवे असेल तर जुने दिवाळी अंक मागा. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९मध्ये ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासून कथा, कविता, चित्रे, वैचारिक लेख एका मुठीत देणारा हा प्रकार मराठीने जपला आहे.

सुरुवातीला हाताशी ठेवण्याजोगी काही नावे सांगतो. साहित्याची आवड आहे पण विज्ञानाचे भय आहे, अशांनी जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या विज्ञानकथांपासून सुरुवात करावी. चित्रकला परकी वाटते त्यांनी अच्युत गोडबोले आणि दीपा देशमुख यांचे ‘कॅनव्हास’ घ्यावे आणि त्यानंतर धीर करून प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’. दुसरे पुस्तक संथ आहे, एका चित्रकाराने रूप आणि अवकाशाविषयी केलेले चिंतन आहे. दिवसाला दोन पानेच वाचावीत. निसर्गाकडे कसे पाहावे, हे दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्र’कडून शिकावे. आपल्याकडे मोहाला फूल येते त्या दिवसांत हे पुस्तक काढा आणि आपल्या शिवारात काय दिसते ते त्याच्या शेजारी लिहीत जा.

आता अस्तंभ्याकडे. दिवाळीत तळोद्याकडून डोंगर चढून अश्वत्थाम्याच्या दर्शनाला जाणाऱ्यांची रीघ लागते. कपाळावरची जखम घेऊन तो अजून भटकतो, तेल मागतो, अशी कथा आपण लहानपणी ऐकलेली असते. या कथेचा पाठपुरावा करणाऱ्याने इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ उघडावे. त्यातल्या ‘परधर्मो भयावहः’ या लेखात द्रोण आणि अश्वत्थामा या बापलेकांचा विचार आहे. इरावतीबाई मानववंशशास्त्रज्ञ होत्या आणि पश्चिम खानदेशातल्या, म्हणजे आजच्या धुळे-नंदुरबारच्या, भिल्ल समाजाचाही त्यांनी अभ्यास केला होता. माणसे मोजणारी, गावे हिंडणारी बाई महाभारताकडे कशी पाहते, हे वाचण्यात वेगळाच आनंद आहे. तिथून पुण्याच्या भांडारकर संस्थेने काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीकडे जाता येते. १,२५९ हस्तलिखिते पडताळून ते काम १९६६मध्ये पुरे झाले. कोणता श्लोक मूळचा, कोणता मागाहून आलेला, हे ठरवण्याची रीत समजली की पुढे कुठलाही मजकूर आपण आंधळेपणाने घेत नाही.

याच ठिकाणी सावधगिरीचा एक शब्द सांगायला हवा. अस्तंभा हा ज्वालामुखीच्या लाव्ह्यातून घडलेल्या काळ्या पाषाणाचा डोंगर आहे, आणि दख्खनचा हा लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. डोंगराचे वय भूगर्भशास्त्र सांगते, कथेचा अर्थ साहित्य सांगते, यात्रेचे आजचे रूप तिथे जाणारी माणसे सांगतात. तिन्ही वाचावे, पण एकाचा पुरावा दुसऱ्याच्या नावावर खपवू नये. चौफेर वाचणाऱ्याला सगळीकडे दुवे दिसू लागतात आणि त्या भरात तो नसलेले दुवेही जोडतो. मोबाइलवर फिरणारे निम्मे ‘ज्ञान’ असेच जोडलेले असते. दुवा दिसला की विचारा: हे कोणी म्हटले, कशावरून म्हटले, आणि ते खोटे ठरायचे तर काय सापडावे लागेल?

पुरावा म्हणजे काय ते डोळ्यांनी समजून घ्यायचे असेल तर प्रकाशा आहेच. तापी-गोमाईच्या संगमावर आपण केदारेश्वराला जातो. तिथेच १९५५मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केले आणि ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर उघडे केले. म. के. ढवळीकरांचे ‘महाराष्ट्राची कुळकथा’ वाचून मग संगमावर उभे राहा. खापराच्या तुकड्यावरच्या रंगवलेल्या रेषेत तंत्रही आहे आणि कलाही. त्या कुंभाराला ही दोन निराळी कपाटे आहेत हे ठाऊकच नव्हते.

काठीच्या राजवाडी होळीचा ढोल ऐकला असेल, तर चं. व्यं. रामन यांचे नाव त्याच्याशी जोडून पाहा. साध्या ताणलेल्या कातड्यातून बेसूर स्वरांचा गोंधळ निघतो. तबला-मृदंगावरच्या शाईच्या थरामुळे मात्र ते सुरेल जुळतात, हे रामन यांनी १९२०मध्ये दाखवून दिले. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट. मग आपल्या गावातल्या ढोल बांधणाऱ्याला विचारा, कातडे कोणते, आतून काय लावतो, शेकतो कशाला.

एक विषय मात्र आवडीवर सोडण्यासारखा नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेल आहे. १९४९मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी हा एका रेणूतल्या दोषाचा आजार असल्याचे दाखवले. १९५४मध्ये अँथनी अॅलिसन यांनी आफ्रिकेतल्या पाहणीवरून सांगितले की या दोषाचा एकच जनुक असणाऱ्यांना हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते. म्हणून हिवतापाच्या प्रदेशांत, जंगलपट्ट्यांत तो टिकून राहिला. हे वाचले की ‘आमच्या रक्तातच खोट आहे’ ही भावना गळून पडते, आणि ती गळून पडावी म्हणून तरी प्रत्येक शिक्षकाने हे वर्गात सांगावे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी रक्त तपासून घ्या. या वाचनातून हाती येणारे हे सर्वांत उपयोगी वाक्य आहे.

अशा वाचनाची आपल्या खानदेशात परंपरा आहे, हे आपण विसरतो. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहाचे काम पाहत. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढत. पुढे त्यांनीच टॉल्स्टॉयचे कलेवरचे पुस्तक ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणले, हेन्री थॉमसचा जगाचा इतिहास ‘मानवजातीची कथा’ म्हणून आणला आणि तमिळमधला ‘कुरल’ही आणला. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती उतरून घेणारा हातही गुरुजींचाच. धुळ्यात १९२६मध्ये वारलेले इतिहासाचार्य राजवाडे दप्तरे गोळा करत गावोगाव हिंडले. त्याच माणसाने प्लेटोचे ‘रिपब्लिक’ मराठीत भाषांतरित केले होते, व्याकरणावर लिहिले होते. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ १९२७पासून धुळ्यात आहे. नंदुरबारहून सकाळी एसटीने निघून संध्याकाळी परत येता येते. मुलांची सहल तिकडेही न्यावी. आणि शाळेत हस्तलिखित पुन्हा सुरू करावे. महिन्याला एकच पान असले तरी चालेल, पण त्यावर एक विज्ञानाची, एक गाण्याची, एक गावातल्या माणसाची नोंद हवी.

आपल्याला आणखी एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या वाचकाला नाही. नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि एक गुजरातेत. गुजराती कानावर रोज पडते. लिपी देवनागरीच्या इतकी जवळची आहे की मनावर घेतले तर थोड्याच दिवसांत वाचता येऊ लागते. मडियांची कथा मग मुळातून वाचता येईल. साताऱ्याला जन्मलेले काका कालेलकर गुजरातीचे मोठे लेखक झाले, त्यांचे प्रवासवर्णन वाचता येईल. आणि ज्यांच्या घरी पावरी, मावची, वसावी, अहिराणी बोलली जाते, त्यांनी तर मराठी वाचतानाच दुसरी भाषा कमावलेली आहे. तिसरी त्यांना जड नाही.

या बोलींतले पुष्कळसे ज्ञान अजून कागदावर आलेले नाही. शहादा भागातले कवी वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा संग्रह जरूर वाचा. आदिवासींचे म्हणणे दुसऱ्याने मांडण्याविषयी तो जे विचारतो ते प्रत्येक वाचकाने ऐकावे. देवमोगरा मातेची गाणी, होळीतल्या बावा-बुध्यांचे व्रत, कोणते कंद कधी खणायचे, हे सगळे माणसांच्या तोंडी आहे. ऐकायला जाल तेव्हा परवानगी घ्या, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने टिपणावर लिहा, आणि जे लिहिले ते त्याला वाचून दाखवा. त्याने ‘हे लिहू नको’ म्हटले तर लिहू नका.

राहता राहिला वेळ. एक वही करा. डाव्या पानावर पुस्तकातले, उजव्या पानावर आपले प्रश्न आणि गावात पाहिलेले. एका वेळी एकच वस्तू घ्या आणि तिच्यावर दोन-तीन महिने राहा. रोज नवा विषय उघडणाऱ्याच्या हाती मथळे राहतात. पुस्तक पन्नास पानांनंतरही बोलत नसेल तर निःसंकोच परत करा. पण वर्षातून एक अवघड पुस्तक शेवटपर्यंत न्या, समजायला दोनदा वाचावे लागले तरी. परीक्षा देणाऱ्या मुलांना भीती वाटते की यात अभ्यासाचा वेळ जाईल. आठवड्याचे तीन तास द्या, अधिक नकोत. निबंधात आणि मुलाखतीत स्वतःच्या जिल्ह्याबद्दल भरीव असे काही बोलता येणे, हे मार्गदर्शकातून मिळत नाही.

दोघे-तिघे मिळून वाचत असाल तर फारच चांगले. बाजाराच्या दिवशी तालुक्याला येताच, तेव्हा तासभर एकत्र बसा आणि प्रत्येकाने आपल्या वहीतले एक पान वाचून दाखवा. या आठवड्यात जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी भरा, मागणीच्या वहीत एका पुस्तकाचे नाव लिहा आणि ते येईपर्यंत ग्रंथपालांना विचारत राहा.